ता की ती

परत आले, धुणं झालं, बॅग माळ्यावर गेली, तरी राग काही उतरला नाही. म्हटलं, लिहूनच काढावा. ज्यांनी मालवण पाहिलेलं नाही त्यांनी जरूर जावं. समुद्र चांगला आहे, माणसं त्याहून चांगली आहेत. फक्त प्रेमकथा शोधायला जाऊ नये, आणि गेलात व सापडली, तर ती पुण्यातल्या कोणा निर्मात्याला दाखवू नये.

मी गेले कशाला, ते आधी सांगते. माझी एक पटकथा बरेच दिवस अडकून पडली होती. खाडीवर पूल होतो आणि तिथली तर, म्हणजे माणसांना या काठावरून त्या काठाला नेणारी होडी, बंद पडते. साठीचा होडीवाला मात्र हट्टाने होडी लोटतच राहतो. एवढीच गोष्ट. निर्मात्यांना आवडली. "फार टची आहे," म्हणाले. मग चहा आला, आणि चहाबरोबर "पण लव्ह स्टोरी कुठाय?" हेही आलं. होडीवाला साठीचा आहे हो, मी म्हटलं. "मग साठीची लव्ह स्टोरी द्या. आणि एक सबप्लॉट. नुसत्या पुलावर प्रेक्षक बसत नाही."

दिग्दर्शक तन्मय वयाने माझ्या भाच्याएवढा. त्याने मला जिन्यात गाठून समजावलं. "ताई, तू आठवडाभर तिकडे जाऊन राहा. माती हुंग. मिळेल काहीतरी." आणि नाही मिळालं तर पटकथा दुसऱ्या एका लेखकाकडे जाईल, हेही त्याने गोड आवाजात सांगितलं. हा दुसरा लेखक भजी तळावीत तशा प्रेमकथा तळतो. मी तिकीट काढलं ते माती हुंगायला नाही. माझा होडीवाला त्या माणसाच्या कढईत पडू नये म्हणून काढलं.

मालवण

पहिला दिवस वाया गेला, तो इथे थोडक्यात आटोपते. लॉजच्या मालकाने माझा धंदा विचारला आणि मी चुकून खरा सांगितला. त्यानंतर शहरात मला प्रेमकथा फुकट मिळू लागल्या. रिक्षावाल्याने एक दिली, तीत मुलगा मुंबईचा. जेटीवर पर्यटकांना पॅराशूटने पाण्यावर उडवणाऱ्याने एक दिली, तीतही मुलगा मुंबईचाच. "इकडचा मुलगा का नाही?" असं विचारलं तर तो माझ्याकडे बघून हसला. "मॅडम, इकडच्या पोरांची पिक्चरात कॉमेडी असते."

एवढं ऐकलं आणि माझं डोकं फिरलं, कारण तो खरं बोलत होता. आपल्याकडे मालवणी बोलायची ती घरगड्याने, नाहीतर दारुड्याने. त्याने तोंड उघडलं की लोकांनी हसायचं. प्रेम मात्र करायचं सदाशिव पेठेच्या भाषेत! जणू इकडच्या माणसांना प्रेमात पडायचं असेल तर आधी पुण्याला जाऊन शिकवणी लावावी लागते. मी तिथेच ठरवलं, माझा होडीवाला प्रेम करेल तर मालवणीतच करेल.

रागाने भूक लागते. जेवायला बसले तर पेडवे नाहीत, बांगडा नाही. "टुरिस्ट लोक सुरमईच मागतात," वेटर म्हणाला. सुरमई आली ती हॉटेलात कुठेही मिळते तसल्या लाल ग्रेव्हीत बुडालेली, आणि सोलकढी पाकिटातल्या सरबतासारखी गुलाबी. समुद्र समोर, आणि ताटात समुद्राचा पत्ता नाही. मी जेवले सगळं, पण मनातल्या मनात भांडत जेवले. दुसऱ्या दिवशी मालवण सोडलं.

आचऱ्याच्या अलीकडे

गावाचं नाव सांगत नाही, माणसांचीही नावं बदलली आहेत. का, ते पुढे कळेल. आचऱ्याच्या अलीकडची एक वाडी, एवढं पुरे.

तिथे रजनीताईंच्या घरी उतरले. शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका, साठीच्या, एकट्या. मागची खोली पाहुण्यांना देतात. पुढे शेणाने सारवलेलं खळं, म्हणजे अंगण, त्यात भात वाळत घातलेलं, आणि कोंबड्यांशी त्यांचं अखंड युद्ध चाललेलं. "इलंस? ये गो बाय. पाय धू आदी, मगे चाय," असं स्वागत झालं. सकाळी घावणे आणि काळ्या वाटाण्यांचं सांबारं, दहाला उकड्या तांदळाची पेज आणि विस्तवावर भाजलेला सुका बांगडा, दुपारी तिरफळं घातलेलं माशाचं तिखलं. पुण्यात मी सकाळी दोन बिस्किटं खाऊन स्वतःला जेवलेली समजते, याची मला तिथे लाज वाटली.

रोज सकाळी जयवंतकाका मासळी घेऊन यायचे. हे वाडीचे होडीवाले. माझ्या पटकथेतल्यासारखेच, फक्त हट्टी नाहीत. पूल झाला तशी तर बंद केली आणि आता पर्यटकांना खाडीतून फिरवतात. तेही एकटेच, लग्न न केलेले. खळ्याच्या कडेला एक जांभा दगड होता, त्यावर बसून चहा प्यायचे आणि जायचे. "आत या की काका," मी एकदा म्हटलं. "हयसर बरा आसा," म्हणाले. पडवीची पायरी त्यांनी कधी चढलेली मी पाहिली नाही.

माझं काम असं चाललं होतं की मी संवाद लिहायचे आणि रजनीताई ते तपासायच्या. शिक्षिका ती शिक्षिकाच. हातात लाल पेन. पहिल्याच पानावर होडीवाला माझ्या कामचलाऊ नायिकेबद्दल विचारतो, "ती खंय गेली?" त्यावर त्यांनी काट मारली आणि लिहिलं, "ता खंय गेला?"

"अहो, ती बाई आहे!" मी म्हटलं.

"लगीन झाला हा तेचा?"

"नाही. म्हणून तर प्रेमकथा आहे."

"मगे ता. आमच्यात चेडवाक ता म्हणतत. लगीन होयसर ता, लगीन झाला की ती."

मी उखडलेच. लग्न होईपर्यंत मुलगी नपुंसकलिंगी? नवरा मिळाला की मग तिला लिंग मिळणार? हे कुठलं व्याकरण! मी बरंच काही बोलले. रजनीताईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकदम शाळेतल्या शुद्ध मराठीत विचारलं, "तुमच्याकडे मुलीला कार्टं म्हणतात, ते कोणतं लिंग?"

मी मग विचारलं, "आणि लग्न झालंच नाही तर?"

"मगे ता ताच रवता. माका बघ मां. साठी इली, गाव अजून म्हणता रजनी इला, रजनी गेला." त्या हसल्या आणि पुढच्या पानावरची "ती" खोडायला लागल्या. मी रात्रीपर्यंत बसून सगळ्या "ती" काढल्या आणि "ता" घातल्या. राग होताच, पण भाषा त्यांची होती.

आणि दुसऱ्या सकाळी, वाडीच्या दुकानात मी साबण घेत उभी असताना, जयवंतकाका तिथे आले. दुकानदाराने विचारलं, "रे जयवंता, रजनी खंय गेला? कालपासून दिसाक नाय."

"ती शेतात गेली हा," जयवंतकाका म्हणाले. "भात झोडूचा आसा."

माझा असा संताप झाला! काल अख्खा दिवस मी "ती"च्या मागे लागून घालवला, आणि इथे जन्मलेला माणूस खुशाल "ती गेली" म्हणतो? मी साबण घेऊन तरातरा घरी आले. रजनीताई शेतातून येऊन नारळ खवत बसल्या होत्या. "तुमचे जयवंतकाकाच तुम्हाला ती म्हणतात," मी तक्रार केली. "त्यांची का नाही काट मारत?"

खवणीवरचा हात थांबला. "तेंका सवयच आसा ती," त्या म्हणाल्या, आणि नारळ फिरवून पुन्हा खवायला लागल्या. कान लाल झाले होते. साठीच्या बाईचे कान लाल झालेले मी पहिल्यांदाच पाहिले.

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली, आणि मग मागचंही आठवायला लागलं. सगळं गाव त्यांना जयवंता म्हणून हाक मारतं, बारकी पोरंसुद्धा जयवंतकाका म्हणतात, पण रजनीताईंच्या तोंडून ते नाव मी एकदाही ऐकलं नव्हतं. "तेंका चाय दी", "तेंनी मासळी हाडल्यानी", आणि अगदीच हाक मारायची वेळ आली तर "वो, आयकलात मां?" नवऱ्याचं नाव न घेणाऱ्या बायका जशा बोलतात तसं. मी स्वतः नवऱ्याला नावाने हाक मारते, प्रसंगी त्याहून वाईट शब्दानेही मारते, आणि या चालीचा मला मनस्वी तिटकारा आहे. पण इथे नवराच नव्हता. कोणी लावून दिलेली ही चाल नव्हती, आणि ती त्या एकट्याच पाळत होत्या.

जी गोष्ट शोधायला मला पुण्याहून पाठवलं होतं ती रोज सकाळी जांभ्या दगडावर बसून चहा पीत होती, आणि मी तिला साखर किती म्हणून विचारत होते!

आता कारण हवं होतं. पटकथेत कारण लागतं. जात, घराणं, भाऊ, जमीन, काहीतरी. संध्याकाळी काकांनी मला खाडीतून फिरवून आणलं. दोन्ही काठांना माड, मध्ये नवा पूल, त्यावरून गाड्या जात होत्या. मी आडवळणाने विचारलं, मग सरळच विचारलं. लग्न का केलं नाहीत?

त्यांनी वल्हं पाण्यात ठेवलं. "रवान गेला," म्हणाले.

"राहून गेलं? पण काका, काही कारण?"

"कारण कित्याक व्हया? लगीन करूक कारण लागता. रवान जावक काय लागता?"

आता सांगा, यावर पटकथा उभी राहते? मी होडीतच त्यांच्यावर चिडले. दोघं साठीला आली, एका हाकेच्या अंतरावर राहतात, आणि म्हणे राहून गेलं! कोणी अडवलं नव्हतं, कोणी मेलं नव्हतं, कोणी मुंबईला पळालं नव्हतं. मी चिडत राहिले आणि ते आपले मला पाणकावळे दाखवत राहिले.

वालावल

रजनीताई दर वर्षी भातकापणी झाली की वालावलच्या लक्ष्मी-नारायणाला जातात. त्या दिवशी मलाही नेलं. रिक्षात मागे आम्ही दोघी, पुढे चालकाशेजारी जयवंतकाका. देवळाला लागूनच तळं आहे आणि त्यात माडांची सावली. तिथे गेल्यावर माझाही राग थोडा खाली बसला होता.

तेवढ्यात तन्मय उगवला. लोकेशन बघायला गोव्यावरून गाडी करून आला होता. तळं त्याने फोनवर पाहिलं होतं, म्हणून भेट तिथेच ठरवली. डोळ्यांवर काळा चष्मा, हातात फोन, आणि फोन आधीपासूनच चालू. मी त्याला काही सांगितलं नव्हतं आणि सांगणारही नव्हते. पण काका होडीवाले आहेत एवढं कळताच त्याला नुसतं भरून आलं.

"वा! फेस बघ काय आहे! काकू, तुम्ही यांची जरा ओळख करून द्या ना. हे कोण, नाव काय. मी नुसतं शूट करून ठेवतो."

रजनीताईंनी पदर सारखा केला. "तेंकाच इचारा."

"नाही नाही, तुमच्या तोंडून नॅचरल वाटेल. फक्त नाव सांगा."

"म्हटलंय मां, तेंकाच इचारा."

"अहो काकू, फक्त नाव!"

मला त्याचा फोन तळ्यात फेकावासा वाटला. देवळाच्या पायरीवर अबोलीचे वळेसर विकणारी बाई ओवायची थांबून बघत होती. रिक्षावाला बघत होता, तो तर वाडीतलाच. एक शब्द बोलून रजनीताई सुटल्या असत्या. सगळं गाव उठता-बसता घेतं ते नाव, त्यांनी एकदा घेतलं असतं की झाकलेलं झाकलेलंच राहिलं असतं. नाही घेतलं, तर चारचौघांत, देवाच्या दारात, न घेतलेलं ठरणार होतं. त्यांनाही ते कळत होतं. त्या ताठ उभ्या राहिल्या, तन्मयकडे बघितलं, आणि तोंड मिटून घेतलं.

जयवंतकाका तळ्याकडे बघत होते. तिकडे बघतच म्हणाले, "ती माजा नाव घेवची नाय."

ता नाही, ती. दुकानदारासमोर सवयीने निसटलेली नाही, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. वळेसरवाली बाई खाली बघून हसली. रिक्षावाल्याने उगाच आरसा पुसायला घेतला.

"का?" तन्मय म्हणाला. "भांडण आहे का तुमचं?"

कोणीच उत्तर दिलं नाही. तेच त्याने उत्तर समजलं. मला बाजूला ओढून घेतलं, आनंदाने नुसता फुलला होता. "ताई, सबप्लॉट! दोन घरांचं वैर! नावसुद्धा घेत नाहीत एकमेकांचं! जमिनीचं असणार बघ." एवढं मिळवून तो त्याच गाडीने परत गेला. मी त्याला थांबवलं नाही. थांबवून सांगणार काय होते?

परतीच्या रिक्षात मी हळूच विचारलं, "रजनीताई, हे लिहू?"

"लिव," त्या म्हणाल्या. "आमचा नाव घालू नको, गावाचा घालू नको. आणि अक्षर चुकवू नको."

"कुठलं?"

"तुका म्हायत आसा."

पुणे

लिखाण एवढं झरझर मी कधी केलेलं नाही. सगळी वाडी नायिकेला "ता" म्हणते, एकटा होडीवाला "ती" म्हणतो. तिच्या तोंडी त्याचं नाव एकदाही नाही. बाकी काही नाही. गाणं नाही, मिठी नाही, जमिनीचं वैर तर नाहीच. पटकथा पाठवली आणि बऱ्याच दिवसांनी शांत झोपले.

ती परत आली "भाषा शुद्ध करून". ऑफिसातल्या कोणीतरी, टायपिंगची चूक समजून, एका झटक्यात सगळे "ता" काढून "ती" घातले होते. मशीनला काय कळतंय? रस्त्याची "रस्ती" झाली होती, ताटाचं "तीट". तेवढ्यावर मी हसलेही. मग खाली वाचत गेले. दुकानदार ती म्हणत होता. शेजारी ती म्हणत होते. वाडीतली बारकी पोरंही ती म्हणत होती. सगळ्या गावाचंच तिच्यावर प्रेम बसलं होतं, आणि त्यात होडीवाल्याचं कुठे हरवलं ते शोधूनही सापडत नव्हतं. शेवटी होडी निघते तेव्हा मी नायिकेला काठावर नुसती उभी ठेवली होती. तिथे आता ती हात पसरून त्याच्या नावाने हाका मारत होती. तीन वेळा. तिसरी गुडघ्यांवर बसून.

मी ऑफिसात गेले आणि नीट समजावून सांगितलं. आवाज चढला तो नंतर. "प्रेक्षकांना कळणार नाही," निर्माते म्हणाले. कळेल, मी म्हटलं, त्यांना तुमच्याएवढं कमी कळत नाही. तन्मय मध्ये पडला. "ताई, एका अक्षरासाठी?" हो, एका अक्षरासाठी. "मग आपल्याला दुसऱ्या लेखकाकडे..." मी म्हटलं, त्याच्याकडून नवीन लिहून घ्या, वैर घाला, जमीन घाला, हव्या तेवढ्या हाका घाला. माझा होडीवाला मला परत द्या. टेबलावरची प्रत उचलली आणि जिना उतरले. चार तोंडं उघडी होती, त्यांतलं एकही माझ्या मागे आलं नाही.

तर असा हा प्रवास. हातात सिनेमा नाही, अडकलेली पटकथा आता सुटून घरी येऊन पडली आहे.

काल मात्र वाटलं, रजनीताईंना सांगायला हवं. अक्षर चुकवलं नाही, एवढं तरी. त्यांच्या वाडीत मोबाईलला रेंज नाही, घरातल्या फोनवर करावा लागतो. बराच वेळ वाजला. सकाळचे दहा, पेजेची वेळ. मग उचलला गेला आणि पुरुषाचा आवाज आला.

"कोण? पुण्याच्या बाय? बऱ्या आसात मां? ती पेजेक बसली हा. बोलवतंय, थांबा."

तो फोन माजघराच्या भिंतीवर आहे. खळं ओलांडून, पायरी चढून, पडवीच्याही आत.

"बसू दे त्यांना, काका," मी म्हटलं. "मी थांबते."